जिथे बँड पोहोचत नाही

१० नोव्हेंबर १९७५ रोजी लंडनजवळच्या एल्स्ट्री स्टुडिओत ‘क्वीन’ या बँडची दौऱ्याआधीची तालीम चालू होती. लिव्हरपूलचा पहिला कार्यक्रम चारच दिवसांवर आला होता. वाद्यं मांडलेली होती, दिवे टांगलेले होते, कपडेही तयार होते. त्याच जागेत ब्रूस गॉवर्स या दिग्दर्शकाने टीव्हीच्या बाह्य प्रक्षेपणाची गाडी आणली आणि सुमारे चार तासांत एका गाण्याचं चित्रीकरण उरकलं. संकलनाला आणखी पाचेक तास लागले. सगळा मिळून खर्च साधारण साडेचार हजार पौंड. फिल्म वापरलीच नाही, सगळं काम व्हिडिओटेपवर झालं. दहा दिवसांनी, २० नोव्हेंबरला, बीबीसीच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या कार्यक्रमात ते प्रेक्षकांनी पाहिलं. महिनाअखेरीस गाणं ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं आणि सलग नऊ आठवडे तिथेच राहिलं. गाण्याचं नाव ‘बोहेमियन ऱ्हाप्सोडी’.

बँडचं नशीब पालटणाऱ्या म्युझिक व्हिडिओंची ओळख करून द्यायची तर सुरुवात इथून करणं रास्त आहे. महाराष्ट्रातल्या वाचकाला त्यात एक जवळचा धागाही सापडेल. त्या व्हिडिओच्या मधोमध दिसणारा चेहरा पाचगणीत शिकलेल्या मुलाचा आहे. फारुख बलसारा याचा जन्म ५ सप्टेंबर १९४६ चा, झांझिबारचा. घर पारशी, मूळ गाव गुजरातेतलं वलसाड. वयाच्या आठव्या वर्षी त्याला पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत ठेवलं. तिथे तो पियानो शिकला, तिथेच मित्र त्याला फ्रेडी म्हणू लागले आणि तिथेच १९५८ च्या सुमारास त्याने शाळासोबत्यांबरोबर ‘द हेक्टिक्स’ नावाचा पहिला बँड काढला. १९६४ मध्ये झांझिबारमध्ये क्रांती झाली आणि कुटुंब इंग्लंडला गेलं. लंडनच्या ईलिंग कला महाविद्यालयात त्याने ग्राफिक डिझाइनचं शिक्षण घेतलं. क्वीनचं बोधचिन्हही त्याच्याच हातचं. फ्रेडी मर्क्युरी हे नाव जगाला गायक म्हणून ठाऊक असलं, तरी बँड कसा दिसावा याचा विचार करणारा चित्रकार त्याच्यात आधीपासून होता. या व्हिडिओची निम्मी गोष्ट त्यातच आहे.

उरलेली निम्मी गोष्ट अडचणीची. ‘टॉप ऑफ द पॉप्स’मध्ये गाजणारं गाणं घेऊन बँड स्टुडिओत येई आणि ध्वनिमुद्रणावर ओठ हलवून ते सादर करी, असा रिवाज होता. हे गाणं तसं सादर करण्याजोगं नव्हतंच. जवळपास सहा मिनिटांच्या त्या रचनेत मधोमध ऑपेराचा तुकडा आहे. बँडमधल्या चौघांपैकी मर्क्युरी, ब्रायन मे आणि रॉजर टेलर या तिघांनीच आपले आवाज पुन्हा पुन्हा एकावर एक चढवून त्यातला अख्खा समूह उभा केला होता. आवाजांच्या थरांची संख्या १८० पर्यंत गेली होती असं सांगतात. टेप इतक्यांदा फिरली की तिच्यावरचा लेप झिजून ती आरपार दिसू लागली. तीन माणसांनी कॅमेऱ्यासमोर उभं राहून त्या समूहाचे ओठ हलवले असते तर हसं झालं असतं. शिवाय बँड दौऱ्यावर असणार, म्हणजे दर आठवड्याला लंडनला परतणं शक्य नव्हतं. बँडला जिथे जाता येणार नाही तिथे त्याच्या वतीने जाईल असं काहीतरी हवं होतं. व्हिडिओ झाला तो त्यासाठी.

आता तो कसा केला ते पाहू. सुरुवातीला काळ्या अंधारात चार चेहरे दिसतात, वरून पडणाऱ्या उजेडात, पतंगाच्या आकारात मांडलेले. ही मांडणी नवी नव्हती. ‘क्वीन टू’ या १९७४ च्या अल्बमच्या मुखपृष्ठासाठी मिक रॉक या छायाचित्रकाराने बँडचं अगदी असंच छायाचित्र काढलं होतं. त्याला ती कल्पना १९३२ च्या ‘शांघाय एक्स्प्रेस’ चित्रपटातल्या मार्लिन डीट्रिखच्या छायाचित्रावरून सुचली होती. म्हणजे चित्रपटातून मुखपृष्ठावर आणि मुखपृष्ठावरून पुन्हा हलत्या चित्रात असा त्या चेहऱ्यांचा प्रवास झाला. गॉवर्सने स्थिर चित्राला फक्त श्वास दिला.

ऑपेराच्या तुकड्यात एकाच चेहऱ्याच्या अनेक प्रती वर्तुळात फिरताना दिसतात. आज मोबाइलच्या ॲपमध्ये एका बोटाने होणारी ही करामत तेव्हा कॅमेऱ्याच्या भिंगापुढे पैलू पाडलेली काच धरून केली. एक शब्द उच्चारताना गायकाचा चेहरा मागे मागे विरत जाणाऱ्या रांगेत उमटतो, त्यासाठी कॅमेरा त्याच्याच चित्राच्या मॉनिटरकडे वळवला. कॅमेरा मॉनिटर पाहतो, मॉनिटर कॅमेऱ्याचं चित्र दाखवतो आणि प्रतिमेतून प्रतिमा निघत राहते. मायक्रोफोन स्पीकरसमोर धरला की जशी शिट्टी घुमते, तशीच ही दृश्याची शिट्टी. ध्वनिमुद्रणात आवाजावर आवाज चढवले होते, चित्रात चेहऱ्यावर चेहरा चढला. गाणं ज्या रीतीने बांधलं त्याच रीतीने त्याचं चित्र बांधलं गेलं. व्हिडिओ टिकला तो या जुळणीमुळे, काचेच्या करामतीमुळे नव्हे. शेवटचा जड रॉकचा भाग आला की बँड सरळ मंचावर, घामाघूम, दिव्यांच्या झोतात दिसतो. तिथे काही लपवण्यासारखं नव्हतंच, चौघे खरोखर वाजवू शकत होते.

आधी ‘किलर क्वीन’ या गाण्याने बँडला नाव मिळालं होतं, तरी जगभरच्या घराघरांत क्वीन पोहोचला तो १९७५ च्या त्या चार तासांनंतर. पुढे २४ नोव्हेंबर १९९१ रोजी मर्क्युरी गेला, तेव्हा हेच गाणं ब्रिटनमध्ये दुसऱ्यांदा पहिल्या क्रमांकावर आलं. २०१९ मध्ये यूट्यूबवर या व्हिडिओने शंभर कोटी दर्शनांचा टप्पा ओलांडला. १९९० पूर्वीच्या कोणत्याही व्हिडिओला त्याआधी ते जमलं नव्हतं.

पुढच्या पानांत म्युझिक व्हिडिओ कसा घडतो याचा मार्ग टप्प्याटप्प्याने येतो आणि तो सिंधुदुर्गातल्या तरुण वादक-गायकांना समोर ठेवून मांडलेला आहे. मालवण, कुडाळ, सावंतवाडी, कणकवली, वेंगुर्ले इथे गिटार घेऊन बसणारी मुलं-मुली आता दुर्मीळ राहिलेली नाहीत. त्यांच्यापुढची अडचण १९७५ च्या क्वीनसारखीच आहे, फक्त अंतराची जात वेगळी. मुंबई पाचेकशे किलोमीटर दूर आहे. तिथल्या क्लबांत, कॉलेज महोत्सवांत, रेकॉर्ड कंपन्यांच्या कचेऱ्यांत चार वाद्यं आणि पाच माणसं घेऊन वारंवार जाणं परवडत नाही. व्हिडिओ मात्र जातो.

सिंधुदुर्ग जिल्हा रत्नागिरीतून वेगळा झाला १ मे १९८१ रोजी. त्यानंतर बरोबर तीन महिन्यांनी, १ ऑगस्टला, अमेरिकेत एमटीव्ही ही चोवीस तास गाणी दाखवणारी वाहिनी सुरू झाली. तिने व्हिडिओला जाहिरातीचा दर्जा सोडून स्वतंत्र कलाकृतीचा दर्जा मिळवून दिला आणि लहान देशांतल्या बँडांना दार उघडलं. नॉर्वेच्या ‘आ-हा’ या तिघांचं ‘टेक ऑन मी’ हे गाणं आधी आलं तेव्हा पडलं होतं. त्याला एक साधा व्हिडिओही होता. मग स्टीव्ह बॅरन या दिग्दर्शकाने दुसरा केला. मायकेल पॅटरसन आणि कँडेस रेकिंजर या दोघांनी चित्रित दृश्यांवरून पेन्सिलीने सुमारे तीन हजार चित्रं काढली, त्याला सोळा आठवडे लागले. १९८५ च्या ऑक्टोबरमध्ये तेच गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर होतं. एकीकडे चार तास, दुसरीकडे सोळा आठवडे. चांगल्या व्हिडिओचा वेळेशी ठरावीक हिशेब नसतो. शिकागोच्या ‘ओके गो’ बँडने २००६ मध्ये व्यायामाची आठ ट्रेडमिल मांडून, कॅमेरा एका जागी ठेवून, न तोडता एकाच दमात ‘हिअर इट गोज अगेन’ चित्रित केलं. सतराव्या वेळी ते साधलं. नृत्य बसवलं होतं गायकाच्या बहिणीने. पुढच्या वर्षी त्याला ग्रॅमी मिळालं.

भारतात हा मार्ग थोडा अवघड का गेला, याचं उत्तर आपल्या सिनेमात आहे. १९३५ च्या ‘धूप छाँव’पासून आपल्याकडे पार्श्वगायन रुळलं. पडद्यावरचा चेहरा एकाचा आणि गळा दुसऱ्याचा, ही गोष्ट इथल्या प्रेक्षकाला इतकी स्वाभाविक झाली की गाणारा माणूस स्वतः दिसायला हवा असं त्याला वाटेना. गाण्याचं चित्रीकरण पश्चिमेच्या कितीतरी आधी आपल्याला येत होतं. रॉक बँडची अट मात्र उलटी. तिथे गाणारा, वाजवणारा आणि दिसणारा एकच. त्याला नटासारखं देखणं असण्याची सक्ती नाही, पण तो जे वाजवतो ते त्याच्या अंगात उतरलेलं दिसावं लागतं. आजही आपल्या बऱ्याच नव्या बँडांच्या व्हिडिओंत एखादी प्रेमकथा अभिनेत्यांकडून करून घेतात आणि बँड अधूनमधून डोकावतो. हा सिनेमाच्या सवयीचा पगडा आहे आणि तो सोडायला हवा.

मुंबईत तो सोडणाऱ्यांत ‘रॉक मशीन’ आघाडीवर होता. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या या बँडने इंग्रजीतली स्वतःची गाणी वाजवायला सुरुवात केली, तेव्हा इथले बहुतेक बँड परदेशी गाण्यांच्या नकला करत होते. गायक उदय बेनेगल, गिटारवर महेश तिनईकर. १९८८ आणि १९९० मध्ये त्यांचे दोन अल्बम आले. १९९१ मध्ये उपग्रहावरून स्टार टीव्ही आणि त्यासोबत एमटीव्ही घरात आला, तेव्हा भारतातून दाखवण्याजोगं ज्यांच्याकडे होतं अशा थोड्यांपैकी हे एक. १९९३ मध्ये बँडने ‘इंडस क्रीड’ हे नाव घेतलं आणि त्याच वर्षी ‘प्रिटी चाइल्ड’च्या व्हिडिओला एमटीव्हीच्या पुरस्कारांत आशियातल्या प्रेक्षकांची पसंती मिळाली. दूरदर्शनच्या काळात भारतीय रॉक बँड जवळपास अदृश्यच होता. त्याला चेहरा मिळाला तो व्हिडिओमुळे. गोव्यात, सिंधुदुर्गाच्या शेजारीच, रेमो फर्नांडिस यांनी १९८४ मध्ये शिवोलीच्या आपल्या घरात चार ट्रॅकच्या यंत्रावर सगळी वाद्यं स्वतः वाजवून ‘गोअन क्रेझी’ हा अल्बम केला आणि तो स्वतःच विकला. शिवोलीपासून सिंधुदुर्गातलं बांदा फार लांब नाही.

भाषेची शंका अनेकांना छळते. मालवणीत किंवा मराठीत गायलं तर जग ऐकेल का? २०१८ च्या सप्टेंबरमध्ये मंगोलियाच्या ‘द हू’ या बँडने ‘युवे युवे यू’ हे गाणं यूट्यूबवर टाकलं. भाषा मंगोलियन, गळ्यातून घुमणारं पारंपरिक गायन, हातात घोड्याचं डोकं कोरलेलं दोन तारांचं वाद्य आणि बरोबर जड ड्रम. व्हिडिओत तरुण आधी घरात फोन-टीव्हीत रमलेले दिसतात, मग दार उघडतं आणि समोर गवताळ माळ, डोंगर, तळी. हा निसर्ग केवळ देखावा म्हणून आलेला नाही. पूर्वजांचं नाव घेऊन आळसात बसलेल्यांना ते गाणं जाब विचारतं, म्हणून त्यांना बाहेर, त्या भूमीवर आणणं गाण्याला आवश्यक होतं. काही महिन्यांत बँड युरोप-अमेरिकेच्या दौऱ्यावर निघाला. मुंबईच्या ‘अभंग रिपोस्ट’ने संतांचे अभंग गिटार-ड्रमच्या साथीने गाऊन मराठीतही वाट असल्याचं दाखवलं आहे. आणि मालवणीचं म्हणाल, तर १९८० मध्ये रंगभूमीवर आलेल्या गंगाराम गवाणकरांच्या ‘वस्त्रहरण’ने, मच्छिंद्र कांबळींच्या तोंडून, पाच हजारांहून अधिक प्रयोगांत ती शंका कधीच फेडली आहे.

आता किनाऱ्याकडे वळू, कारण इथेच सर्वांत जास्त मोह आणि सर्वांत जास्त चुका आहेत.

मालवणात व्हिडिओ करायचा म्हटलं की पहिली कल्पना ड्रोनची येते. देवबागच्या संगमावर निळं-हिरवं पाणी, तारकर्लीची पांढरी वाळू, सिंधुदुर्ग किल्ल्याभोवती एक घिरटी, शेवटी सूर्यास्तासमोर गिटार धरलेली काळी आकृती. ही दृश्यं सुंदर आहेत यात वाद नाही. पण ती पर्यटनाच्या जाहिरातींनी इतकी वापरली आहेत की त्यांत बँड कोणता हे कळायलाही जागा उरत नाही. गाणं कशाबद्दल आहे हे आधी विचारावं. मुंबईला गेलेल्या भावाच्या बंद घराबद्दल असेल, तर गाण्याला हवं आहे शेवाळलेलं खळं आणि मांगराचं मोडकं दार. रागाचं असेल, तर चिरेखाण आहे. जांभा कापून झालेल्या त्या लाल, पायऱ्यापायऱ्यांच्या भिंतींसारखं रंगमंचाचं नेपथ्य जगात फार थोड्या बँडांच्या घराशेजारी असेल. (पावसाळ्यानंतर खाणीत साठलेलं पाणी फसवं असतं, दिवसा, माहितगाराला घेऊन, कोरड्या खाणीतच जावं.) पावसाळ्यात मासेमारी थांबते, होड्या वर ओढून झापांनी शाकारतात, समुद्र मातकट आणि खवळलेला दिसतो. पर्यटक ज्या महिन्यांत येत नाहीत, त्या महिन्यांतला हा किनारा कोणाच्या व्हिडिओत फारसा आलेला नाही.

समुद्र पश्चिमेला आहे, ही इथल्या उजेडाची मुख्य गोष्ट. सकाळी सूर्य माडांच्या मागून, जमिनीकडून वर येतो. समुद्राकडे पाठ करून उभ्या राहिलेल्या गायकाच्या तोंडावर तेव्हा सरळ उजेड पडतो आणि मागचं पाणी निळं दिसतं. संध्याकाळी तोच सूर्य गायकाच्या मागे जातो, चेहरा काळवंडतो, मग मोठा रिफ्लेक्टर किंवा दिवा लागतो. ज्यांना चेहरा दाखवायचा आहे त्यांनी पहाटे उठावं. सूर्यास्त फुकट मिळतो, पण त्यात बँडमधल्या कुणाचाच चेहरा ओळखू येत नाही.

दुसरी गोष्ट भरती-ओहोटीची. खडकांवर ड्रमसेट मांडला आणि पाणी चढलं, तर नुकसान वाद्यांचं होतं आणि धोका माणसांना. सरकारी तक्ते मिळतातच, पण किनाऱ्यावरच्या जाणत्या माणसाला तक्ता लागत नाही. तो तिथीची पाऊणपट करतो. अष्टमी असेल तर आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या आसपास पूर्ण भरती. दुसरी साधारण साडेबारा तासांनी. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण, पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं. अष्टमीच्या सुमारास भांग, चढउतार कमी. एका दृश्याचं चित्रीकरण दोन दिवस चालणार असेल, तर दुसऱ्या दिवशी त्याच पातळीचं पाणी मिळायला पाऊण तास उशिरा सुरुवात करावी लागते. नाहीतर संकलनात एका ओळीला गुडघाभर पाणी आणि पुढच्या ओळीला कोरडी वाळू असं दिसतं. हे गणित शिकवायला कोणतीही चित्रपटसंस्था नको, शेजारचा मच्छीमार पुरे.

वारा आणि आवाज यांचंही तसंच. व्हिडिओत ऐकू येतं ते स्टुडिओतलं ध्वनिमुद्रण. चित्रीकरणाच्या जागी ते स्पीकरवर लावायचं आणि त्याबरोबर वाजवायचं. गायकाने नुसते ओठ हलवू नयेत, खरोखर गावं. गळ्याच्या शिरा ताणल्या नाहीत तर प्रेक्षकाला ते लगेच कळतं. उघड्या किनाऱ्यावर स्पीकर लांब ठेवला की आणखी एक घोटाळा होतो. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. ड्रमर स्पीकरपासून ३४ मीटरवर असेल, तर त्याच्यापर्यंत ठेका एक दशांश सेकंद उशिरा पोहोचतो. सेकंदाला पंचवीस फ्रेमच्या व्हिडिओत ती अडीच फ्रेमची चूक होते आणि काठी ड्रमवर पडण्याआधीच आवाज येतो. म्हणून स्पीकर जवळ हवा किंवा कानात इअरफोन. हालचाल संथ पण ओठ मात्र जुळलेले, हे दृश्य हवं असेल तर सेकंदाला पन्नास फ्रेमने टिपायचं आणि गाणं दुप्पट वेगाने वाजवून त्याबरोबर गायचं. पंचवीसने दाखवलं की ओठ गाण्याशी जुळतात आणि केस, कपडे, लाटा निम्म्या वेगाने हलतात. या सगळ्याला महागडा कॅमेरा लागत नाही. जत्रेतल्या ट्यूबलाइटखाली टिपताना आपल्याकडच्या विजेच्या ५० हर्ट्‌झमुळे चित्र लुकलुकू नये म्हणून शटर पन्नासाव्या हिश्श्यावर ठेवायचं, हे मोबाइलवरही करता येतं. खाऱ्या वाऱ्याने भिंगावर धुरकट थर बसतो, तो दर अर्ध्या तासाने पुसायला एका माणसाची नेमणूक करावी.

परवानग्यांकडे काणाडोळा करू नये. १६६४ ते १६६७ दरम्यान शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर बांधलेला सिंधुदुर्ग हे केंद्रीय संरक्षित स्मारक आहे; तिथे बँड घेऊन चित्रीकरण करायला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची परवानगी लागते. किल्ल्यात आजही कुटुंबं राहतात आणि शिवराजेश्वराचं मंदिर नित्य पूजेतलं आहे, हे कॅमेरा लावणाऱ्याने विसरू नये. मालवणलगतचा समुद्राचा काही भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. चिपीला २०२१ मध्ये विमानतळ सुरू झाल्यापासून त्याच्या आसपास ड्रोन उडवताना सरकारी नकाशा पाहणं अनिवार्य झालं आहे. वायंगणीसारख्या किनाऱ्यांवर थंडीच्या महिन्यांपासून ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. पिल्लं समुद्राची दिशा उजेडावरून ओळखतात, म्हणून त्या वाळूवर रात्री झगझगीत दिवे लावून नाचणं हा त्या पिल्लांचा जीव घेण्याचा प्रकार आहे. अशा जागी रात्रीचं चित्रीकरण करूच नये, गाणं कितीही चांगलं असलं तरी.

माणसांच्या बाबतीत हाच नियम. रापणीचं जाळं ओढतानाची लय, दोरावरची ती लांबलचक रांग, एकमेकांना दिलेली हाळी कोणत्याही ड्रमरला भुरळ घालील. पण ते त्या लोकांचं काम आहे, वाटणीच्या मासळीवर घर चालतं. आधी विचारावं, ओढून झाल्यावर बसून बोलावं, मानधनाचं ठरवावं, आणि चित्रात ज्यांचे चेहरे ओळखू येतात त्यांची नावं शेवटच्या पाटीवर घालावीत. आकेरीच्या घरात २०१६ मध्ये ‘रात्रीस खेळ चाले’ मालिकेचं चित्रीकरण झालं, तेव्हापासून ते घर पाहायला लोक येऊ लागले. कॅमेरा निघून गेल्यावरही त्या जागेवर त्याचे परिणाम उरतात.

दशावताराबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण सिंधुदुर्गातल्या बँडसाठी तो नुसता ‘लोककलेचा टच’ नाही. जत्रेच्या रात्री पालखी फिरून आली की उशिरा खेळ उभा राहतो. पेटी, पखवाज आणि झांज एवढ्या साथीवर पहाटेपर्यंत आख्यान रंगतं. संवाद लिहिलेले नसतात. नट आपला चेहरा स्वतः रंगवतो, शालू नेसून स्त्रीपार्टी नट राणी होतो, आणि आख्यानाआधीच्या आडदशावतारात काळ्या वेशातला संकासुर मालवणीत सगळ्यांची फिरकी घेतो. थोडक्या साधनांत, एका पडद्यापुढे, समोर बसलेल्या गावाला रात्रभर बांधून ठेवणं ही मंचावर दिसण्याची विद्या आहे. कॅमेऱ्यापुढे उभं राहिल्यावर हात कुठे ठेवायचे हे न सुचणाऱ्या गिटारवादकाने एखाद्या दशावतारी राजाचा प्रवेश नीट पाहावा. पाऊल टाकण्याआधीच तो अख्खी जागा कशी ताब्यात घेतो ते पाहावं. भजनाच्या डबलबारीत समोरच्या बुवाला उत्तर देताना पखवाजवाला कसा पुढे झुकतो, तेही. मात्र एखाद्या मंडळातल्या नटाला रंगवून गाण्यात दोन सेकंद मिरवायचं आणि सोडून द्यायचं, हे करू नये. त्याला घ्यायचं तर गाण्यात त्याला काम हवं, त्याच्याशी तालीम हवी आणि पखवाजाला ध्वनिमुद्रणातही जागा हवी.

ध्वनिमुद्रणाचा उल्लेख शेवटी आला, पण कामाचा क्रम तिथूनच सुरू होतो. ‘बोहेमियन ऱ्हाप्सोडी’चं चित्रीकरण चार तासांत झालं; गाण्याचं मुद्रण मात्र ऑगस्टच्या अखेरीपासून, वेल्समधल्या रॉकफील्डपासून सुरुवात करून, अनेक आठवडे चाललं होतं. त्यातल्या एका तुकड्यासाठी तिघे दिवसाला दहा-दहा तास गात होते. म्हणून पुढची पहिली तीन प्रकरणं गाण्याची बांधणी, घरच्या खोलीत करता येणारं मुद्रण आणि मिक्सिंग यांना दिली आहेत. जागा, उजेड, तिथी आणि परवानगी यांचं प्रकरण त्यानंतर येतं, संकलनाचं त्याच्याही मागून. ज्या बँडचं गाणं अजून कच्चं आहे त्याने कॅमेऱ्याचं भाडं ठरवण्याआधी त्या तीन प्रकरणांवर महिनाभर घालवावा. मे महिन्यात समुद्र खवळण्याआधी चित्रीकरण करायचं असेल, तर मुद्रण शिमग्यापर्यंत हातात हवं.